रेणूंच्या भौतिकीतली संभाव्यता: निसर्गाची की आपल्या अज्ञानाची?

दिगंश

बी.एस्सी.च्या पुस्तकांत, व्याख्यानांत आणि हल्ली व्हिडिओंमध्येही एक वाक्य सर्रास भेटतं: "एन्ट्रॉपी म्हणजे आपल्या अज्ञानाचं माप." मला हे वाक्य मुळातूनच चुकीचं वाटतं. रेणूंच्या भौतिकीत जी संभाव्यता येते ती निसर्गातली आहे, आपल्या डोक्यातली नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल तुटून पडावं, त्यासाठीच धागा काढतोय.

आधी अडचण काय आहे ते सांगतो. १८७२ मध्ये ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमननं एक प्रमेय मांडलं. वायूचे रेणू न्यूटनच्या नियमांनी एकमेकांवर आदळत राहिले तर एन्ट्रॉपी (ढोबळमानानं, अव्यवस्थेचं माप) वाढतच जाते, असं त्यात दाखवलं होतं. १८७६ मध्ये त्याचाच ज्येष्ठ सहकारी लोश्मिट यानं त्यावर बोट ठेवलं. न्यूटनचे नियम काळ उलटा केला तरी तसेच लागू पडतात. सगळ्या रेणूंचे वेग एका क्षणी उलटे केले तर वायू आल्या वाटेनं परत जाईल आणि एन्ट्रॉपी घटेल. मग "वाढतच जाते" हे नुसत्या न्यूटनमधून निघालंच कसं? निघालं नव्हतंच. टक्कर होण्याआधी दोन रेणूंच्या वेगांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे बोल्ट्झमननं मध्येच धरून घेतलं होतं, आणि काळाची दिशा तिथूनच आत शिरली होती.

१८७७ मध्ये त्यानं उत्तर दिलं ते संभाव्यतेच्या भाषेत. आपल्याला दिसणारी एकच स्थूल अवस्था (अमुक तापमान, अमुक दाब) रेणूंच्या असंख्य सूक्ष्म रचनांनी साधता येते. ज्या स्थूल अवस्थेला जास्त रचना, ती जास्त संभाव्य. एन्ट्रॉपी म्हणजे त्या रचनांच्या संख्येचा लॉगॅरिदम. व्हिएन्नात त्याच्या थडग्यावर कोरलंय ते सूत्र हेच, प्लांकनं लिहिलेल्या रूपात. आकडे बघा: डब्यात फक्त १०० रेणू असले तरी ते सगळेच्या सगळे डाव्या अर्ध्यात सापडण्याची संभाव्यता एकावर तीस शून्यं एवढ्या संख्येत एक. आणि खऱ्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये रेणू असतात एकावर एकोणीस शून्यं, त्याच्या जवळपास अडीच पट.

प्रश्न असा, की प्रत्येक रेणूचा मार्ग जर ठरलेलाच आहे तर ही संभाव्यता कशाची? १९५७ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ई. टी. जेन्स यांनी बेधडक सांगितलं, की ती आपल्या अपुऱ्या माहितीची आहे. आपल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं पाळायचं आणि बाकी बाबतीत कुठलाही पक्षपात न करता संभाव्यता वाटून द्यायची, की स्टॅट मेकची (सांख्यिकीय यामिकीची) सगळी सूत्रं हातात येतात. येतात, हे खरंच आहे. पण चहात घातलेली साखर मला रेणूंचे पत्ते ठाऊक नाहीत म्हणून विरघळते काय? या विश्वात एकही माणूस नसता तरी ती विरघळलीच असती. डेव्हिड अल्बर्ट यांच्यासारखे तत्त्वज्ञ हा आक्षेप कधीपासून घेताहेत आणि मला त्याचं समाधानकारक उत्तर अजून भेटलेलं नाही.

दुसरा मुद्दा मला याहून वजनदार वाटतो. १९२४ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनला लेख पाठवला. त्यातली मोजणी अगदी लहान उदाहरणात दाखवता येते. दोन फोटॉन, दोन कप्पे. जुन्या मोजणीत चार शक्यता, म्हणून दोघे एकाच कप्प्यात असण्याची संभाव्यता निम्मी. बोस यांच्या मोजणीत शक्यता तीनच: दोघे इकडे, दोघे तिकडे, एकेक दोन्हीकडे. संभाव्यता झाली दोन तृतीयांश. तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचा प्लांकचा वक्र दुसऱ्या मोजणीतून निघतो, पहिल्यातून निघत नाही. आपलं अज्ञान दोन्ही मोजण्यांत तेवढंच होतं. निवड कुणी केली? निसर्गानं. संभाव्यता आपल्या मनातली असती तर कुठलीही मोजणी चालायला हवी होती.

त्रिज्या

दिगंश, अज्ञानामुळे साखर विरघळते असं जेन्स तर सोडाच, दुसऱ्याही कुणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. रेणू जे करायचं ते करतात. आपण किती जाणतो यावर ठरतं ते एवढंच, की काय होईल याबद्दल आपण किती खात्रीनं बोलू शकतो. साखर विरघळणार असं तुम्ही पैज लावून सांगता, ती पैज कशाच्या जोरावर? जवळपास सगळ्या सूक्ष्म रचना तिकडेच नेतात, म्हणून. हा अनुमानाचा जोर आहे, साखरेला बसणारा धक्का नाही.

"डोक्यातली संभाव्यता" म्हणजे ज्याची त्याची मर्जी, असं तुम्ही गृहीत धरलंय. हा समज आपल्याकडे तरी नसावा. हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९३९ मध्येच संभाव्यतेकडे तर्कशास्त्राचा विस्तार म्हणून पाहण्याची बैठक घालून दिली. हातात सारखीच माहिती असलेल्या दोन शहाण्या माणसांनी सारखीच संभाव्यता काढली पाहिजे, अशी ती शिस्त आहे. कोल्हापूरचे व. शं. हुजूरबाजार याच जेफ्रीजांच्या हाताखाली केंब्रिजला शिकले आणि पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. मी त्याच विभागात शिकले, म्हणून हे नाव घेतल्यावाचून राहवत नाही.

बोस यांचं उदाहरण माझ्याच बाजूनं आहे. कुठल्या शक्यता अस्तित्वात आहेत हे भौतिकी सांगते. त्या शक्यतांवर वजन कसं वाटायचं हे तर्क सांगतो. फोटॉनला वेगळी ओळख नसते, हे कळल्यावर शक्यतांची यादीच बदलली. पण त्या तीन शक्यतांना सारखं वजन का दिलं? एकीला झुकतं माप द्यायला काही कारण नव्हतं म्हणूनच ना?

आता तुम्ही माझ्या एका उदाहरणाला उत्तर द्या. १९१२ च्या सुमारास जे. जे. थॉमसनला निऑन वायूत दोन वेगवेगळ्या वस्तुमानांचे अणू सापडले, २० आणि २२. त्याआधी निऑन म्हणजे निऑन. आता समजा, एका डब्यात पडद्याच्या डावीकडे अर्धा मोल निऑन-२० आहे, उजवीकडे अर्धा मोल निऑन-२२, तापमान आणि दाब दोन्हीकडे सारखाच. पडदा काढला. एन्ट्रॉपी वाढली का? १९०५ चा रसायनतज्ज्ञ म्हणेल, नाही. तोच वायू दोन्हीकडे होता, पडदा परत घातला की सगळं पूर्ववत. आजचा म्हणेल, हो, केल्विनमागे ५.७६ ज्यूलनं वाढली. निऑन-२० ला वाट देणारा आणि २२ ला अडवणारा पडदा ज्याच्याकडे आहे तो या मिसळण्यातून खोलीच्या तापमानाला सुमारे १.७ किलोज्यूल काम काढून दाखवेल. डबा तोच आणि अणूंची हालचालही तीच. एन्ट्रॉपी मात्र दोन. ती फक्त डब्यातच राहत असेल तर हे कसं शक्य आहे?

साधासुधा

वाचतोय. एक शंका. लाप्लासनं १८१४ मध्ये सर्वज्ञ बुद्धीची कल्पना मांडली होती, प्रत्येक कणाचं स्थान आणि वेग जाणणारी. तिच्यासाठी एन्ट्रॉपी शून्य धरायची का? आणि मग तिच्यासमोर ठेवलेला चहा निवणार नाही का?

दिगंश

साधासुधा, नेमकं हेच. चहा तिच्यासमोरही निवतो. म्हणजे निवण्याचा कुणाच्या जाणण्याशी संबंध नाही.

त्रिज्या, निऑनचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यातला निर्णायक शब्द "पडदा" आहे, "ज्ञान" नाही. तो पडदा १९०५ च्या माणसाच्या हातात नकळत पडला असता तर? आपल्या डब्यात दोन प्रकारचे अणू आहेत हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसतं, तरी पडदा सरकला असता आणि १.७ किलोज्यूल काम निघालंच असतं. ते पाहून तो चक्रावला असता एवढंच. एन्ट्रॉपी कुठल्या चलांच्या संदर्भात मोजायची हे ठरवावं लागतं, मान्य. वेगसुद्धा कशाच्या संदर्भात ते सांगावं लागतं. म्हणून वेग मनाचा खेळ ठरत नाही.

त्रिज्या

पडदा नकळत हातात पडला तर काम निघेल, बरोबर. पण एन्ट्रॉपीचं सूत्र वापरून त्याला ते आधी सांगता आलं नसतं. त्याचा उष्मागतिकीचा दुसरा नियम (एन्ट्रॉपी आपोआप घटत नाही) त्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत मोडला असता. आजच्या माणसाचा मोडला नसता. नियमाची सत्यता वर्णनावर अवलंबून आहे हेच तर मी म्हणतेय.

आणि साधासुधा, लाप्लासच्या बुद्धीला चहा निवताना दिसेलच, पण ती हात लावू शकत असेल तर गोष्ट वेगळी होते. १९२९ मध्ये झिलार्डनं एकाच रेणूचं इंजिन कल्पून दाखवलं: रेणू डावीकडे आहे की उजवीकडे एवढी एका बिटची माहिती असली, तर तेवढ्या बळावर उष्णतेतून काम काढता येतं. १९६१ मध्ये लँडाउअरनं उलट बाजू दाखवली. एक बिट पुसायला खोलीच्या तापमानाला किमान सुमारे ३ झेप्टोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर टाकावीच लागते. झेप्टो म्हणजे एक भागिले एकावर एकवीस शून्यं. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लियॉनच्या प्रयोगशाळेत पाण्यात तरंगणारा काचेचा सूक्ष्म मणी लेसरच्या दोन खळग्यांत खेळवून ही मर्यादा प्रत्यक्ष मोजली. खळगा डावा की उजवा, हा त्या मण्याचा एक बिट. पुसण्याची क्रिया जितकी सावकाश केली तितकी बाहेर पडणारी उष्णता लँडाउअरच्या आकड्याकडे सरकत गेली. माहितीला भौतिक किंमत आहे हे एवढं स्वच्छ दिसल्यावर माहिती आणि एन्ट्रॉपी यांच्यात भिंत घालायचा अट्टहास कशाला?

दिगंश

तो बिट मण्यात होता हो, निरीक्षकाच्या मनात नव्हता! माहिती भौतिक असते म्हणजे ती स्मृतीच्या वस्तूत, तिच्या अवस्थेत असते. हे माझंच म्हणणं झालं.

अवकाश

मी एमआरआय यंत्रावर काम करतो, त्यामुळे रोज हाताखालून जाणारी एक गोष्ट इथे मांडतो. चर्चेत ती हवी.

शरीरातल्या पाण्याच्या प्रोटॉनांना चुंबकक्षेत्रात रांगेत आणून रेडिओलहरींच्या एका स्पंदानं नव्वद अंश वळवतात. सगळे एकदम फिरायला लागतात, कॉइलमध्ये संकेत येतो. पण क्षेत्र सगळीकडे तंतोतंत सारखं नसल्यानं काही प्रोटॉन पुढे पळतात, काही मागे पडतात, आणि काही मिलिसेकंदांत संकेत विरून जातो. त्या क्षणी पाहिलं तर सगळ्या दिशांना विखुरलेले प्रोटॉन, निव्वळ अव्यवस्था. आता एकशेऐंशी अंशांचं दुसरं स्पंद द्यायचं. पुढे गेलेले मागे पडतात, मागचे पुढे येतात, आणि पहिल्या ते दुसऱ्या स्पंदात जेवढा वेळ गेला तेवढाच आणखी जाऊ दिला की संकेत आपोआप परत उभा राहतो. अर्विन हान यांनी १९५० मध्ये हे दाखवलं, नाव स्पिन एको. लोश्मिटनं जे कागदावर म्हटलं ते आमच्याकडे प्रत्येक रुग्णागणिक घडतं.

मला यातून असं दिसतं, की संकेत विरला तेव्हा एन्ट्रॉपी "वाढली" ती आपल्या स्थूल नजरेला. प्रोटॉनांकडे क्रम शिल्लकच होता. म्हणून माझा कल त्रिज्यांच्या बाजूनं.

दिगंश

अवकाश, प्रतिसाद फार आवडला, निष्कर्ष मात्र उलटा निघतो. क्रम प्रोटॉनांकडे शिल्लक होता, हे तुमचेच शब्द. म्हणजे तिथे एन्ट्रॉपी वाढली नव्हतीच. आपण ती मोजायला चुकीची चलं घेतली होती. आणि एक गोष्ट तुम्हीही रोज पाहत असाल: स्पंदं देत गेलं की प्रत्येक पुढचा एको आधीच्यापेक्षा बुटका येतो. प्रोटॉन एकमेकांवर आणि शेजारच्या रेणूंवर जो परिणाम करतात तो त्या एकशेऐंशीच्या स्पंदानं उलटत नाही. ती झीज खरी एन्ट्रॉपीवाढ. कुणाच्या जाणण्या-न जाणण्यानं ती थांबत नाही.

अवकाश

एको बुटका येतो हे खरं. पण ती झीजसुद्धा पूर्ण हरवलेली असते असं नाही. १९७० च्या आसपास ऱ्हिम, पाइन्स आणि वॉ यांनी घन पदार्थात प्रोटॉनांची आपापसातली क्रियासुद्धा स्पंदांची हुशार मालिका देऊन उलटवून दाखवली. खरी वाढ आणि दिसणारी वाढ यांतली रेघ तंत्र सुधारलं की सरकते. सरकणाऱ्या रेघेला निसर्गातली रेघ कसं म्हणायचं?

फेरफटका

एवढा काथ्याकूट कशाला? संभाव्यता म्हणजे लांबलचक काळात प्रणाली त्या अवस्थेत किती वेळ घालवते त्याचा वाटा. १९३१ मध्ये बर्कहॉफनं एर्गोडिक प्रमेय सिद्ध केलं, विषय संपला. ना अज्ञान, ना तत्त्वज्ञान.

माप_तोल

फेरफटका, विषय संपला असता तर बरंच झालं असतं. बर्कहॉफच्या प्रमेयात काळ अनंताकडे जातो. आपल्या घन सेंटिमीटरभर हवेनं आपल्या सगळ्या रचनांना एकेकदा भेट द्यायची म्हटली तर लागणाऱ्या वर्षांची संख्या लिहायलाच किमान एकावर एकोणीस शून्यं एवढे अंक लागतील. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, म्हणजे अंक फक्त अकरा. आणि थर्मामीटर मिनिटभरात स्थिरावतो. मिनिटभरात जे घडतं त्याचा खुलासा अशा काळाच्या सरासरीतून देता येत नाही. शिवाय खऱ्या प्रणाली एर्गोडिक (म्हणजे कालांतरानं सगळ्या रचनांतून फिरून येणाऱ्या) असतात हेही गृहीत धरता येत नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या ६४ कणांची साखळी संगणकावर चालवली, अहवाल १९५५ चा (प्रोग्राम मेरी त्सिंगू यांनी लिहिला होता). पहिल्या कंपनात घातलेली ऊर्जा सगळ्या कंपनांत सारखी पसरेल अशी अपेक्षा होती. थोडी पसरली, आणि मग जवळपास सगळी पहिल्या कंपनात परत आली.

आता दिगंश आणि त्रिज्या, दोघांनाही एकच प्रश्न. समोर ग्लासात अर्धवट वितळलेला बर्फ आहे. एवढीच स्थूल माहिती. तिच्याशी जुळणाऱ्या सगळ्या सूक्ष्म रचनांना सारखं वजन द्या आणि पुढच्या अर्ध्या तासाचं भाकीत करा: बर्फ आणखी वितळेल. छान. आता त्याच वजनांनी मागच्या अर्ध्या तासाबद्दल सांगा. नियम काळाच्या दोन्ही दिशांना सारखे आहेत, त्यामुळे उत्तरही सारखंच येतं: अर्ध्या तासापूर्वी बर्फ आत्तापेक्षा जास्त वितळलेला होता आणि कोमट पाण्यातून आपोआप गोठत इथवर आला. हे उत्तर उघड उघड खोटं आहे.

लोश्मिटचा खरा घाव हा आहे. भविष्याकडे अचूक चालणारी "पक्षपातरहित" संभाव्यता भूतकाळाकडे तोंड केलं की साफ आपटते. अज्ञान तर दोन्ही दिशांना तेवढंच आहे. त्रिज्या, मग एका दिशेला ते बरोबर आणि दुसऱ्या दिशेला चूक का? आणि दिगंश, तुमच्या रचनांच्या निव्वळ मोजणीतही काळाची दिशा नाही, तेव्हा तुम्हीही सुटत नाही.

माझं मत: संभाव्यतेला दोन खांब लागतात. विश्वाची सुरुवात अतिशय कमी एन्ट्रॉपीनं झाली ही एक भौतिक वस्तुस्थिती, आणि त्या सुरुवातीशी जुळणाऱ्या रचनांपैकी आपलं विश्व अपवादात्मक नव्हतं, सर्वसाधारण होतं, ही दुसरी. यात "अपवादात्मक" ठरवायला जे माप वापरतो ते लिउव्हिलचं, गतीबरोबर न बदलणारं. ते माप म्हणजे कुणाचा विश्वास नाही आणि वारंवारताही नाही, कारण विश्व एकदाच घडलं.

त्रिज्या

माप_तोल, हा या धाग्यातला सगळ्यात कठीण प्रश्न आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. ग्लासात बर्फ दिसला की आपल्याकडे "एवढीच स्थूल माहिती" कधीच नसते. फ्रीज असतात, त्यात चौकोनी खडे होतात, कुणीतरी ते ग्लासात टाकतं, हे आपण जाणतो. ही माहिती वगळून अनुमान केलं तर ते चुकणारच. नियमच असा आहे की हातात असलेली सगळी माहिती वापरा.

माप_तोल

फ्रीज आहे हे तुम्हाला कशावरून ठाऊक? आठवणीवरून. आठवण म्हणजे मेंदूची आत्ताची अवस्था. त्या अवस्थेलाही हेच सारखं वजन लावलं, तर ती आठवण योगायोगानं आपोआप जमून आली असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त निघते. आठवणीवर भरवसा ठेवायलासुद्धा "भूतकाळात एन्ट्रॉपी कमी होती" हे आधी मानावं लागतं. ते विधान अज्ञानातून काढता येत नाही, ते जगाबद्दलचं विधान आहे.

दिगंश

हे मला पूर्ण पटतं. उगमाशी कमी एन्ट्रॉपी ही निसर्गाची गोष्ट, पुढची मोजणीही निसर्गाची. काळाची दिशा मोजणीतून काढायचा माझा दावा नाहीच.

त्रिज्या

मला निम्मं पटतं. उगमाबद्दलचं विधान जगाबद्दल आहे, ठीक. पण "आपलं विश्व अपवादात्मक नव्हतं" हे दुसरं विधान कशाच्या आधारावर? एकदाच घडलेल्या गोष्टीबद्दल, दुसरा पुरावा नसताना, लिउव्हिलच्या मापानं सर्वसाधारण धरायचं, हे झुकतं माप न देण्याचंच तत्त्व झालं. तुम्ही त्याला वेगळ्या नावानं मागच्या दारानं आत घेतलंय.

गारवा

मी रसायनाची. इतका वेळ गप्प होते, पण बर्फाचा विषय निघालाच आहे तर प्रयोगशाळेत मोजलेला एक आकडा सांगते. दिगंश यांच्या "निसर्गातली" आणि त्रिज्या यांच्या "वर्णनातली" या दोन्ही शब्दांना तो नीट तपासून पाहतो.

१९३६ मध्ये जिऑक आणि स्टाउट यांनी बर्फ १५ केल्विनच्या आसपासपर्यंत थंड केला आणि तिथून मोजून मोजून उष्णता देत वर आणला: बर्फ, मग पाणी, मग वाफ. प्रत्येक टप्प्यावर दिलेल्या उष्णतेला तापमानानं भागून बेरीज केली. २५ अंश सेल्सियसला वाफेची मोलर एन्ट्रॉपी आली केल्विनमागे सुमारे १८५.३ ज्यूल. वाफेच्या वर्णपटावरून तोच आकडा काढला की येतो सुमारे १८८.७. तफावत ३.४. म्हणजे निरपेक्ष शून्याजवळही बर्फात ३.४ शिल्लक राहिली होती.

आदल्याच वर्षी पॉलिंग यांनी तिचं कारण कागदावर सांगून ठेवलं होतं. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन असतात, दोन जवळ, दोन लांब. कुठले दोन जवळ, याला मोकळीक आहे. चार बंधांच्या १६ मांडण्यांपैकी ६ नियमात बसतात. सगळ्या स्फटिकाचा हिशेब केला की दर रेणूमागे सरासरी दीड रचना पडतात. दीडचा लॉगॅरिदम गुणिले वायुस्थिरांक, उत्तर ३.३७.

आता विचार करा. त्या थंडीत हायड्रोजन जागचे हलत नाहीत. माझ्या कॅलरीमापकातला बर्फाचा तुकडा त्या असंख्य रचनांपैकी एकाच रचनेत थिजलेला आहे, आणि आठवडाभर त्याच रचनेत राहील. फेरफटका यांची काळाची सरासरी इथे पूर्ण निकालात निघते, कारण तो तुकडा दुसऱ्या रचनेला भेट देतच नाही. तरी कॅलरीमापक ३.४ दाखवतो. एकाच रचनेत बसलेल्या वस्तूला "इतक्या रचना शक्य होत्या" याची एन्ट्रॉपी का?

त्रिज्या

कारण "शून्याजवळचा बर्फ" या वर्णनात कुठली रचना ते सांगितलेलंच नाही! गारवा, याहून चांगलं उदाहरण मलाही सुचलं नसतं. तुकडा एका रचनेत, एन्ट्रॉपी दीड रचनांची. ती वर्णनाचीच.

दिगंश

कॅलरीमापकानं वर्णन वाचलेलं नाही, त्रिज्या. त्याला दिली ती उष्णता.

गारवा

थांबा, गोष्ट अजून पूर्ण झालेली नाही. १९८२ मध्ये ओसाकाच्या सुगा यांच्या गटानं पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंचित मिसळून बर्फ केला. त्यानं स्फटिकात दोष तयार होतात आणि हायड्रोजनांना थंडीतही जागा बदलायला वाट मिळते. असा बर्फ ७२ केल्विनला चक्क दुसऱ्या प्रकारच्या बर्फात बदलतो. हायड्रोजन एका ठरावीक क्रमानं लागतात आणि ती शिल्लक राहिलेली एन्ट्रॉपी बऱ्याच अंशी उष्णता होऊन बाहेर पडते. ती मोजली गेली आहे.

माझं म्हणणं एवढंच. शुद्ध बर्फाचे ३.४ त्याच्या तयार होण्याच्या इतिहासातून आले: वर गरम असताना सगळ्या रचना खुल्या होत्या, थंड होताना दारं बंद झाली, कुठलं दार कुणावर बंद झालं यावर आमचा ताबा नव्हता. ताबा आला (हायड्रॉक्साइड घातलं) तसा आकडा घसरला. आम्हाला रचना ठाऊक झाली म्हणून तो घसरला नाही. आजही त्या क्रमबद्ध बर्फाची उष्णता मोजणाऱ्याला त्याची रचना ठाऊक नसली तरी चालतं.

त्रिज्या

"आमचा ताबा नव्हता" यात "आमचा" आहे, गारवा. एखाद्यानं तुमच्या शुद्ध तुकड्यातल्या प्रत्येक हायड्रोजनची जागा क्ष-किरणांनी नाहीतर न्यूट्रॉनांनी टिपून ठेवली आणि तेवढा बारीक ताबा त्याच्याकडे असला, तर त्याच तुकड्यासाठी ३.४ ऐवजी तो शून्य लिहील, आणि त्याचा शून्य चुकीचा ठरणार नाही.

गारवा

पाहून शून्य लिहिता येईल. पण तोच तुकडा माझ्या कॅलरीमापकात ठेवून वर वाफेपर्यंत नेला तर उष्णतेची बेरीज त्यालाही १८५.३ च येईल, १८८.७ नाही. कमी पडलेले ३.४ कुठे गेले, याचं उत्तर त्याला द्यावं लागेल.